बहिणीला १७ आठवडे झालेत, घरचे म्हणतात खाली करून टाका. कायदा काय म्हणतो आणि तुमचं मत काय?

भाऊ, तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडते म्हणजे बाकी वाचणाऱ्यांनाही कळेल. बहीण २२ वर्षांची, लग्न व्हायचंय, सोनोग्राफीत १७ आठवडे आलेत. पोरगा आधी लग्न करतो म्हणाला, आता फोन उचलत नाही. बाबा आणि मोठे काका म्हणतात गुपचूप नागपूरले नेऊन खाली करून आणा, गावात कोणाले पत्ता लागणार नाही. आई गप्प आहे. आणि बहीण चार दिवसांपासून रडतेय, एकदाच बोलली, "मले नाही करायचं." तुम्ही विचारलंय कायद्यानं काय होऊ शकतं, आणि मी गर्भपाताच्या विरोधातली डॉक्टर आहे असं ऐकलंय तर माझं म्हणणं नेमकं काय.

मी बाळंतपणाची डॉक्टर आहे, यवतमाळ जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी, २६ वर्षं झाली, आधी ९ वर्षं सरकारी नोकरी आणि नंतर स्वतःचा छोटा दवाखाना. उत्तर लांब होणार आहे, पण तुमच्या बहिणीसाठी कामाचं ते आधी सांगते.

१९७१ चा एमटीपी, म्हणजे गर्भपाताचा कायदा आहे, १ एप्रिल १९७२ पासून लागू झालेला, त्यात २०२१ साली मोठी दुरुस्ती झाली. आज २० आठवड्यांपर्यंत एका नोंदणीकृत डॉक्टरच्या मतावर गर्भपात होतो आणि लग्न झालेलं नसलं तरी होतो. दुरुस्तीत 'विवाहित बाई किंवा तिचा नवरा' हे शब्द काढून 'कोणतीही बाई किंवा तिचा जोडीदार' असे शब्द आले, आणि २९ सप्टेंबर २०२२ ला सुप्रीम कोर्टानं सांगितलं की २० ते २४ आठवड्यांच्या नियमातूनही अविवाहित बाईला वगळता येणार नाही. म्हणजे तुमच्या घरचे जे म्हणतात त्याला कायद्यात जागा आहे. मी विरोधात असले तरी हे मी कोणत्याही बाईपासून लपवत नाही. लपवलं की ती मेडिकलमधून चिठ्ठीशिवाय गोळ्या आणते, किती आठवडे झालेत ते न बघता खाते, आणि रात्री दोन वाजता तिला सतरंजीत गुंडाळून ऑटोत टाकून आणतात, हिमोग्लोबिन ४ वर आलेलं असतं. असं मी एकदा नाही बऱ्याचदा पाहिलंय.

पण त्याच कायद्यात दुसरी बाजू आहे, ती घरात कोणी सांगत नाही. सही तिची लागते. १८ पूर्ण झालेल्या शुद्धीतल्या बाईसाठी बापाची, भावाची, काकाची कोणाचीच सही लागत नाही आणि कोणाचीच चालत पण नाही. तिच्या मर्जीशिवाय पोट पाडलं तर भारतीय न्याय संहितेचं कलम ८९ आहे, जन्मठेप किंवा १० वर्षांपर्यंत कैद. जुन्या आयपीसीत ते ३१३ होतं. हे बाबांना आणि काकांना शांतपणे वाचून दाखवा, धमकी म्हणून नको. बहुतेक बापांना खरंच माहीत नसतं, त्यांना वाटते पोट्टी आपली, निर्णय आपला.

२००९ मधला सुप्रीम कोर्टाचा एक निकाल मी नेहमी सांगते. चंदीगडच्या सरकारी संस्थेत राहणारी, बौद्धिक वाढ थोडी कमी असलेली एक मुलगी, तिच्यावर तिथेच अत्याचार झाला, दिवस राहिले. हायकोर्टानं गर्भपाताचा आदेश दिला. ती मुलगी म्हणत होती मला बाळ पाहिजे. सुप्रीम कोर्टानं आदेश थांबवला आणि सांगितलं की तिच्या संमतीशिवाय हे करता येणार नाही, बाळंत व्हायचं की नाही हा तिचा हक्क आहे. लोक या निकालाचा उल्लेख 'गर्भपाताचा हक्क' म्हणून करतात, मला मात्र त्यात ती मुलगी दिसते जिच्यासाठी सगळे शहाणे लोक ठरवून मोकळे झाले होते आणि तिला स्वतःला वेगळंच पाहिजे होतं. तुमच्या बहिणीचं 'मले नाही करायचं' तेवढंच वजनदार आहे.

आता माझं मत.

सरकारी नोकरीत असताना मी गर्भपात केलेत. ट्रेनिंगच तसं होतं, आणि मला वाटायचं बाईची सोय होते, आपण कशाला आड यायचं. एक बाई होती, दोन लेकरं, तिसरं नको म्हणून नवऱ्यानं आणलेली, अकरा आठवडे. सगळं नीट झालं, काही त्रास नाही. दोनेक वर्षांनी भादव्यात ती एकटी आली, ओपीडी संपेपर्यंत बाहेर बाकड्यावर बसून राहिली, आणि शेवटी आत येऊन विचारलं, "मॅडम, तुमच्या रजिस्टरात माह्यी तारीख असंल न? पितरांमधी घास टाकाचा होता, पण तिथी माहीत नाही." मी रजिस्टर काढून तारीख सांगितली. पंचांगात तिथी पण आम्ही दोघींनी मिळूनच बघितली. ती थँक्यू म्हणून गेली. त्या दिवसानंतर मी काही महिने केलेत आणि मग मला जमेना. मी सोडलं.

एका बाईच्या दुःखावरून सगळ्यांचं ठरवू नका असं कोणी म्हणेल तर बरोबर आहे. काही बाया खरंच मोकळ्या झाल्या, नंतर भेटल्यावर हसून बोलल्या, त्यांना कसला पश्चात्ताप नव्हता, आणि मी त्यांना खोटं ठरवत नाही. त्या बाईनं माझ्यासाठी एवढंच केलं की मी ज्याला 'प्रॉडक्ट' लिहीत होते (आमच्या कागदांवर असाच शब्द असतो) त्याला ती घरचं माणूस समजत होती. आणि मी विचार करायला लागले की दोघींपैकी बरोबर कोण.

पोटात काय असतं ते मी रोज सोनोग्राफीत बघते. सहाव्या सातव्या आठवड्यात ठोका दिसतो. बाराव्यात बोटं वेगळी झालेली असतात. तुमच्या बहिणीच्या १७ आठवड्यांत ते तळहाताएवढं असतं, अंगठा तोंडाकडे नेतं, तिला अजून हालचाल कळत नसेल पण दोन तीन आठवड्यांत कळेल. यात धर्म नाही, हे मशीनवर दिसतं. ते माणसाचं आहे आणि जिवंत आहे यावर डॉक्टरांत भांडण नाही, भांडण त्याला आपल्यात मोजायचं की नाही यावर आहे. न मोजायची जी कारणं देतात ती मी एकेक घेऊन बघते. लहान आहे, दिसत नाही, बोलत नाही, दुसऱ्याच्या जिवावर जगतं. आता आमच्या शेजारी लकव्यानं पडलेले एक आजोबा आहेत, सहा वर्षं झाली, बोलत नाहीत, सून चमच्यानं पेज भरवते. दुसऱ्याच्या जिवावरच जगतात. त्यांना कोणी मोजणीतून काढत नाही. कालचं जन्मलेलं बाळ तर ओळखत पण नाही कोणाला. मग नऊ महिन्यांतल्या कोणत्या तारखेला 'काही नाही' चं 'कोणीतरी' होतं ते मला कोणी पटेल असं दाखवलं नाही, म्हणून मी पहिल्यापासून धरते.

याच्या विरोधातला सगळ्यात मजबूत मुद्दा मला माहीत आहे. आजोबा सुनेच्या अंगात राहत नाहीत. सून कंटाळली तर दुसरं कोणी पेज भरवेल, पण पोटातलं बाळ नऊ महिने एकाच बाईच्या रक्तावर, हाडांवर, झोपेवर जगतं आणि तिच्याऐवजी दुसरं कोणी ते करू शकत नाही. हे खरं आहे. इतकं खरं आहे की जो माणूस 'जीव आहे, पाडू नका' एवढं म्हणून घरी जातो त्याला मी माझ्या बाजूचा समजत नाही. तिच्या एकटीच्या अंगावर हा भार येतो म्हणूनच बाकी सगळा भार, पैसा, दवाखाना, लोकांची तोंडं, रात्रीचं जागरण, बाकीच्यांनी घ्यायला पाहिजे. नाही घेतला तर तिला दोष द्यायचा अधिकार उरत नाही.

म्हणून 'काढून टाकायचं आहे' म्हणत आलेल्या बाईला मी सोबतच्यांना बाहेर पाठवून एकच विचारते, "अडचण कोणती आहे, आणि ती नसती तर ठेवलं असतं का?" बऱ्याच जणी तेवढ्यावरच रडायला लागतात, कारण हे कोणी विचारलेलंच नसतं. एकदा ऐन वेचणीच्या दिवसांत एक मजूर बाई आली, तिसऱ्यांदा दिवस, म्हणे पाडून द्या, कापूस वेचायला जाता येत नाही वाकून. खोदून विचारलं तर अडचण निघाली मायक्रोफायनान्सचा आठवड्याचा हप्ता. वेचणी बुडाली की हप्ता बुडाला, हप्ता बुडाला की वसुलीवाला दारात बसतो, आणि गटातल्या बाकीच्या बाया तिच्यावर चढतात. एका जिवाचा हिशेब त्या हप्त्यावर येऊन थांबला होता. तिच्याच बचत गटाच्या अध्यक्षबाईला (बाईच्या परवानगीनं) बोलावलं, तिनं आणि दोघी तिघींनी मिळून पाच महिने हप्ता ओढला. ते पोरगं आता चौथीत आहे, सर्दी झाली की माझ्याकडेच येतं.

सगळ्या गोष्टी अशा होत नाहीत. दुसरी एक होती तिची अडचण नवऱ्याची दारू होती, त्याला माझ्याकडे औषध नव्हतं. तिनं दुसरीकडे जाऊन करून घेतलं आणि आठ दिवसांनी ताप घेऊन माझ्याकडे आली, मान खाली घालून. मी सलाईन लावलं, अँटिबायोटिक दिलं, आणि जुन्या गोष्टीचा एक शब्द काढला नाही. तिला नंतरही कधी बोलले नाही. पाडून आलेल्या बाईला पापी म्हणणारे डॉक्टर आणि नर्सबाया मी पाहिल्यात आणि मला त्यांचा राग येतो, ती घाबरून पुढच्या वेळी ताप आला तरी येत नाही.

भीती घालणाऱ्यांबद्दलही बोलते. गर्भपात केला की कॅन्सर होतो, पुन्हा कधीच मूल राहत नाही, असं सांगून बायांना घाबरवणारे आहेत. हे खोटं आहे. वेळेत, शिकलेल्या डॉक्टरनं, स्वच्छ ठिकाणी केलेला गर्भपात बाईच्या शरीरासाठी सहसा सुरक्षित असतो. माझा विरोध बाळासाठी आहे, त्याला खोट्याचा टेकू नको.

आईचा जीव धोक्यात असेल तिथे मला शंका नाही. ट्यूबमध्ये राहिलेला गर्भ, पाणमोट फुटून आत जंतुसंसर्ग चढत चाललेला, बीपी इतकं की झटके येतायत, अशा वेळी मी थांबत नाही आणि कोणीही थांबू नये, आपला कायदाही (कलम ५) अशा वेळी दुसऱ्या डॉक्टरची, आठवड्यांची वाट बघायला सांगत नाही. हे मी माझ्याच बाजूच्या लोकांना सांगते. आयर्लंडमध्ये २०१२ साली सविता हलप्पनवार गेली, मूळची बेळगावची, दातांची डॉक्टर. तिचेही १७ आठवडेच होते. गर्भ वाचणार नाही हे कळत होतं, पण ठोका चालू आहे म्हणून तिथल्या कायद्याच्या धास्तीनं थांबले, आणि सेप्सिसनं ती गेली. २०१८ मध्ये लोकांनी मतदान करून तो कायदाच काढला. जीव वाचवायच्या नावाखाली एक आई घालवली तिथे, आणि बाळही वाचलं नव्हतंच.

बलात्कारातून राहिलेल्या पोरीला मी 'ठेव' म्हणत नाही. बाळाचा त्यात काही दोष नाही असं मला वाटतं आणि तिनं विचारलं तर सांगते, पण माझा आवाज तिथे एवढाच. बारा तेरा वर्षांच्या लेकराचं बाळंतपण तर त्या लेकरासाठीच जीवघेणं असू शकतं, तिथे मी आधी तिचा जीव बघते. आणि १८ च्या खालची मुलगी असेल तर पोक्सोत कळवावं लागतं. ते टाळायला म्हणून लपवाछपवीचे गर्भपात होतात. जानेवारी २०२२ मध्ये वर्धा जिल्ह्यातल्या आर्वीत एका अल्पवयीन मुलीच्या अशाच प्रकरणाचा तपास करताना दवाखान्याच्या गोबरगॅसच्या खड्ड्यात कवट्या आणि हाडं सापडली. तेव्हा आमच्या भागातल्या कितीतरी आशाताई मला फोन करून नुसत्या रडल्या.

मुलगी आहे म्हणून पाडणाऱ्यांबद्दल जास्त लिहित नाही, तो गुन्हाच आहे, गर्भलिंग तपासणीवर बंदी घालणारा पीसीपीएनडीटी कायदा १९९४ चा आहे. तरी महाराष्ट्रात सहा वर्षांखालच्या दर हजार मुलांमागे मुली २००१ मध्ये ९१३ होत्या त्या २०११ मध्ये ८९४ वर आल्या. ज्यांना गर्भपात हा फक्त बाईचा स्वतंत्र निर्णय वाटतो त्यांनी या आकड्याजवळ थोडं थांबावं. त्यातले किती निर्णय बाईचे होते?

जास्त बोलायचंय ते सिकलसेलवर, आईबापाकडून येणाऱ्या रक्ताच्या आजारावर, कारण तो आपल्या विदर्भाचा प्रश्न आहे. आई एएस (नुसती वाहक), बाप एएस असले की प्रत्येक वेळी चारातला एक चान्स की बाळ एसएस (आजार असलेलं) निघेल. दहा बारा आठवड्यांत वारेचा तुकडा घेऊन तपासता येतं, आणि एसएस आलं की समोरचा डॉक्टर बहुतेक वेळा पुढचा सल्ला ठरवूनच बसलेला असतो. मी एसएसवाले पेशंट जवळून बघितलेत, थंडीत हाडं दुखून ओरडणारी लेकरं पाहिलीत, हा आजार सोपा आहे असं म्हणणार नाही. पण हायड्रॉक्सियुरिया रोज घेणारी, भरपूर पाणी पिणारी, लसी वेळेवर झालेली एसएस मुलगी माझ्याकडे आहे, तिनं डीएड केलं, तिचं बाळंतपण मी केलं, हायरिस्क होतं, रक्त चढवावं लागलं, पण दोघंही घरी गेले. तपासणीच्या खोलीत आईबापाला ती मुलगी कोणी दाखवत नाही, फक्त रक्ततपासणीचा पॅटर्न (एएस की एसएस) दाखवतात. लग्नाआधी दोघांनी तपासा, हे मी कॉलेजांत जाऊन सांगते. १ जुलै २०२३ ला केंद्रानं सिकलसेल निर्मूलनाचं मिशन सुरू केलं त्याचं मला बरं वाटलं. आजार घालवायचा म्हणजे आजारी लेकरू घालवायचं असं मात्र कोणी समजू नये.

याच कारणानं २०२१ च्या दुरुस्तीतलं एक कलम मला टोचतं. २४ आठवड्यांनंतर निरोगी गर्भाला कायदा साधारणपणे हात लावू देत नाही, पण मेडिकल बोर्डानं 'गंभीर व्यंग' म्हटलं की आठवड्यांची वरची मर्यादाच नाही. १६ ऑक्टोबर २०२३ ला सुप्रीम कोर्टानं २६ आठवड्यांच्या एका बाईला परवानगी नाकारली, तिला दोन लेकरं होती, बाळंतपणानंतरच्या डिप्रेशननं ती खचलेली होती. कोर्ट म्हणालं व्यंग नाही, आईच्या जिवाला तातडीचा धोका नाही, म्हणून ठोका थांबवता येणार नाही, बाळंतपणाचा खर्च सरकार करेल, आणि पुढे दत्तक द्यायचं का ते आईबाप ठरवतील. मला निकाल पटला. पण बाळात व्यंग असतं तर त्याच २६ आठवड्यांत उत्तर वेगळं आलं असतं. जी लेकरं जन्मल्यावर जगूच शकत नाहीत त्यांच्या आईबापांचं दुःख वेगळं आहे, त्यांच्याविषयी मी इथे काही म्हणत नाही. मी म्हणते ती अपंग होऊन जगू शकणारी लेकरं.

अचलपूर तालुक्यात वझ्झरला शंकरबाबा पापळकरांनी टाकून दिलेल्या अपंग, गतिमंद लेकरांना आपलं आडनाव देऊन वाढवलं, २०२४ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. त्यांची माला जळगाव रेल्वे स्टेशनवर कचऱ्यात टाकलेली सापडली होती, डोळ्यांनी दिसत नाही. ती २०२४ मध्ये एमपीएससी पास झाली. परीक्षा पास झाली म्हणून तिच्या जगण्याला किंमत आली असं नाही, त्याच वझ्झरला कधीच काही पास न होणारी लेकरं पण आहेत आणि बाबांनी त्यांनाही तसंच जेवू घातलं.

मला कायद्यात काय पाहिजे असं कोणी विचारलं तर पहिली गोष्ट, बाईला जेल नको. न्याय संहितेच्या कलम ८८ मध्ये स्वतःचा गर्भ पाडणारी बाई पण आरोपी होऊ शकते, ते १८६० पासून चालत आलंय आणि ते जायला पाहिजे. बंदी घातली की गर्भपात थांबतात असंही नाही. १९७१ च्या आधी गावोगाव काड्या, मुळ्या, चुन्याचं पाणी असे प्रकार होते आणि बाया मरायच्या, शांतिलाल शाह समिती १९६४ मध्ये नेमली गेली ती उगीच नाही. मला पाहिजे ते असं की सही घेण्याआधी बाईशी एकटीशी बोलणं सक्तीचं व्हावं, सोबत कोणीही असो, नवरा, सासू, बाप, बाहेर. आणि ठेवायचं असेल तर काय काय मिळतं हे तिला त्याच टेबलावर, त्याच दिवशी सांगावं. आज फॉर्मवर कारण लिहायला जागा आहे, मदत लिहायला नाही.

आपल्याकडे हे कोणी केलंच नाही असं थोडीच आहे. १८६३ मध्ये पुण्यात जोतिराव आणि सावित्रीबाईंनी बालहत्या प्रतिबंधक गृह काढलं. फसवलेल्या विधवांनी यावं, गुपचूप बाळंत व्हावं, मूल न्यायचं तर न्यावं, नाहीतर ठेवून जावं. त्या बायांना कोणी प्रवचन दिलं नाही, खोली दिली. तिथेच बाळंत झालेल्या एका विधवेचा मुलगा यशवंत त्यांनी दत्तक घेतला, तो डॉक्टर झाला, आणि १८९७ च्या प्लेगमध्ये त्याच्या दवाखान्यासाठी रोगी आणता आणता सावित्रीबाई गेल्या. मला माझ्या कामाला नाव द्यायचं झालं तर मी त्या घराचं देते.

आता तुमच्या बहिणीला ठेवायचं असेल तर पुढे काय. खोटी आशा दाखवत नाही. झरी जामणीकडच्या कुमारी मातांबद्दल तुम्ही ऐकलं असेल, बाहेरून आलेल्या लोकांनी फसवलेल्या कोलाम आदिवासींच्या पोरी, लेकरू कडेवर घेऊन मजुरी करतात, बापाचं नाव विचारून विचारून शाळेनं पण त्रास दिलेला. अवघड आहे, आणि जे अवघड आहे ते माणसांनी केलेलं आहे.

बाळंतपण सरकारी दवाखान्यात फुकट होतं, सिझर झालं तरी, औषध, जेवण, गाडी सगळं जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमात आहे. गावात राहणं शक्य नसेल तर १८१ वर फोन करा, जिल्ह्याच्या ठिकाणी सखी वन स्टॉप सेंटर असतं, तिथून शक्ती सदनमध्ये राहायची सोय बघता येते. जन्माच्या दाखल्यावर बापाचं नाव नसलं तरी चालतं, सुप्रीम कोर्टानं २०१५ मध्येच सांगितलंय, आईचं प्रतिज्ञापत्र पुरतं. १ मे २०२४ पासून जन्मलेल्या लेकरांच्या नावात महाराष्ट्रात आईचं नाव तसंही लागतंच. पोरग्यानं लग्नाचं खोटं वचन देऊन फसवलं असेल तर न्याय संहितेचं कलम ६९ आहे, आणि लग्न झालेलं नसलं तरी बाळाचा खर्च बापाकडून मागता येतो, नागरिक सुरक्षा संहितेचं कलम १४४, जुनं १२५. ते करायचं की नाही हे पण तिनंच ठरवायचं, भांडणाच्या रागात तुम्ही नका ठरवू.

आणि तिला बाळ जन्माला घालायचंय पण सांभाळणं जमणार नाही असं असेल तर जिल्ह्याची बाल कल्याण समिती आहे. बाल न्याय कायदा २०१५, कलम ३५. लग्नाशिवाय झालेल्या बाळाला फक्त आईच सोपवू शकते, तिची सही, तिचं नाव बाहेर जात नाही, पोलीस केस होत नाही. सही केल्यावर दोन महिने विचार बदलायला मिळतात. दोन महिन्यांत वाटलं की न्यावं, तर बाळ परत मिळतं. मी सहा जणींसोबत तिथे गेले आहे, दोघींनी परत नेलं. बाकी चौघींची लेकरं कुठं आहेत ते मला कळत नाही, कळायला पण नको, पण दत्तक मागणारी जोडपी कारा च्या (दत्तकाचं काम बघणाऱ्या केंद्राच्या संस्थेच्या) यादीत वर्षानुवर्षं ताटकळतात एवढं माहीत आहे. उकिरड्यावर किंवा मंदिराच्या पायरीवर ठेवणं मात्र गुन्हा आहे आणि बाळाच्या जिवाशी खेळ आहे, रात्री बेरात्री तशी वेळ आली तर १०९८.

बाबांशी बोलताना इज्जतीवरून वाद घालू नका. त्यांना विचारा, "बाबा, तुम्हाले भीती कायची वाटते?" माझ्या अनुभवात बहुतेक बापांची भीती धाकट्या पोरीच्या सोयरिकीची असते किंवा भावकीत कोणी टोमणा मारेल याची. ती भीती खरी आहे, तिला हसू नका. पण तिचा तोडगा शोधायला अजून पाच महिने आहेत. आईला बहिणीजवळ झोपायला सांगा. आई गप्प आहे म्हणालात, मला वाटतं त्या घरात पहिली तिच बोलेल, पण बाबा घरात नसताना.

बहिणीनं एकटीनं विचार करून वेगळं ठरवलं, तर ते तिनं सरकारी दवाखान्यात, २० आठवडे व्हायच्या आत करावं, मेडिकलच्या गोळ्यांनी घरी नाही, १७ आठवड्यांत तर अजिबात नाही. मी ते करणार नाही हे तिला सांगेन, आणि नंतर तपासायला ती माझ्याकडे येऊ शकते हेही सांगेन.

तिला घेऊन या. बाबांनाही आणा, ते बाहेर बसतील. तोपर्यंत लोहाच्या आणि कॅल्शियमच्या गोळ्या सुरू आहेत का ते बघा, या गडबडीत कोणी दिल्याच नसतील, आणि पीएचसीत जाऊन उद्याच तिचं हिमोग्लोबिन आणि सिकलसेल तपासून घ्या. आणि ती चार दिवसांपासून रडतेय म्हणालात, तर ती जेवतेय का ते पण बघा.